पान उलटण्याआधी

शब्दविरहित चित्रपुस्तक हाती आले की आपण सवयीने चित्रावर बोट ठेवतो. 'हे काय?' 'कुत्रा.' 'आणि हे?' 'बेडूक.' पुस्तक संपते, पण गोष्ट सुरूच झालेली नसते.

मर्सर मेयर यांचे १९६९चे 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' पाहा. बरणीतून निसटलेल्या बेडकाला शोधत एक मुलगा आणि त्याचा कुत्रा रानात शिरतात. मुलगा खडकावर चढतो, फांद्यांना धरून हाका मारतो. पुढच्या चित्रात कळते, त्या फांद्या नव्हत्याच, हरणाची शिंगे होती! ही गंमत दोन चित्रांच्या मध्ये आहे आणि ती मुलालाच शोधावी लागते.

याच पुस्तकावरून रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी पाच भाषांतल्या मुलांकडून गोष्टी सांगून घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९९४मध्ये आला. तीन वर्षांची मुले बहुधा एकेका चित्राविषयी सुटे सुटे बोलतात. वय वाढते तशी ती घटना जोडतात आणि बेडकाच्या शोधाचे सूत्र शेवटपर्यंत धरून ठेवतात. म्हणून अंगणवाडीतल्या मुलाने नुसती नावे सांगितली तर ते अपयश समजू नका. मात्र आपण तिथेच थांबू नये.

जालना जिल्ह्यात या पुस्तकांची गरज अधिक आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते, कुणाच्या घरी उर्दू असते. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल परतते, तेव्हा पाठ्यपुस्तक पुढे गेलेले असते. चित्रांची गोष्ट मात्र ते आल्या दिवसापासून सांगू शकते. इटलीतल्या लँपेदूसा बेटावर स्थलांतरित आणि स्थानिक मुलांना एकत्र वाचता यावे, म्हणून 'इबी' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२पासून जगभरची अशीच पुस्तके जमवली.

ताई, गुरुजी, या महिन्यात एवढे करा. आधी मुलांना निवांत पाहू द्या. मग पान उलटण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'आता काय होईल?' शेतात रोही पाहिलेले मूल हरणाला रोही म्हणाले तर म्हणू द्या. त्याचे वाक्य त्याच्याच बोलीत, तारखेसह वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवा. पुस्तके नसतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर चित्रकथा मोफत मिळतात.

मूल्यमापनाच्या तक्त्यात या वहीसाठी रकाना नसला, तरी ती ठेवा. मार्चमध्ये जूनचे वाक्य काढून पाहा. सुट्या नावांच्या जागी 'मग' आणि 'म्हणून' आले असतील, तर ते मूल विचार जोडायला शिकले आहे. भाषा शिकवायची ती याचसाठी.