नववीत सुटलेलं मैदान

मुलगी जाड झाली की घरात ज्याला त्याला बोलायचा हक्क मिळतो. मामी बोलते, आत्या बोलते, शेजारच्या काकू जिन्यात थांबवून बोलतात. तीच मुलगी पळायची का थांबली, हे मात्र तिला कुणी विचारत नाही.

माझी भाची आठवीपर्यंत खो-खो खेळायची. पळतीच्या पहिल्या तुकडीत असायची. नववीत तिने संघातून नाव काढून घेतलं. घरच्यांना वाटलं, अभ्यास वाढला. दोन वर्षांत अंग सुटलं आणि मग ‘भात बंद कर’, ‘सकाळी लिंबूपाणी घे’ सुरू झालं. गेल्या दिवाळीत करंज्या भरता भरता ती बोलून गेली, “मावशी, पळताना छाती दुखायची गं. आणि मुलं बघायची. सांगणार कुणाला?”

ती एकटी नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलींची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो, असं त्यातल्या जवळपास निम्म्या मुलींनी सांगितलं. आपल्या शाळांत हा प्रश्न मुलींना विचारलेला मी तरी कधी ऐकला नाही.

स्तनात तोलून धरणारा स्नायू नसतो. दूधग्रंथी, चरबी, त्यांना धरणारे पातळ तंतू आणि वर त्वचा. त्यामुळे पळताना स्तन वरखाली, डावीउजवीकडे, पुढेमागे असे हलतात. आधार नसेल तर दुखणारच, पाळीच्या आधी तर जास्तच. हा आजार नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. अमेरिकेत तीन बायकांनी १९७७ साली पुरुष खेळाडू वापरतात ते दोन आधारपट्टे एकमेकांना जोडून खेळासाठीची ब्रा शिवली, ती याच त्रासातून.

आपल्याकडे मुलीची ब्रा आई अंदाजाने आणते. काउंटरमागे पुरुष असला की नंबर हळूच सांगायचा, खोका पिशवीत टाकायचा आणि निघायचं. भाचीचं माप मी घरीच टेपने घेतलं. ती ३६ नंबर वापरत होती. छातीखालचा घेर निघाला ३२चा, हवा होता तो मोठा कप. पट्टा सैल म्हणून तो पाठीवर वर चढायचा आणि सगळा भार खांद्यांवर. दोन्ही खांद्यांवर लाल वळ होते. आधार द्यायचा असतो तो खालच्या पट्ट्याने, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. वजन चार-पाच किलोंनी वाढलं किंवा उतरलं, तर माप पुन्हा घ्यावं. आता ती कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी पळते. वजन किती उतरलं, हे मी विचारलेलं नाही.

वजनाला महत्त्व नाही, असं मी म्हणत नाही. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी गेली की ते मुख्यतः चरबीत तयार होऊ लागतं. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि त्याबरोबर स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही जास्त. भारतीय बायकांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. पन्नाशीतली ती चरबी एका वर्षात येत नाही, विशी-तिशीपासून थोडी थोडी साठत जाते. मैदान सुटलेल्या मुलीची काळजी मला वाटते ती यासाठी.

पण म्हणून तिला उपाशी ठेवू नका. जेवण तोडून महिन्यात आठ किलो उतरवायला गेलं की पाळी चुकते, केस गळतात, हाडं भरण्याच्या वयात हाडांनाच कमी पडतं, आणि उतरलेलं वजन बहुतेकदा परत येतं. नियमित पळणं, पोहणं, भरभर चालणं मात्र काटा फारसा हलला नाही तरी कॅन्सरचा धोका कमी करतं.

विशीत स्तनाचा कॅन्सर क्वचितच होतो. या वयात हाताला लागणारी गाठ बहुतेकदा फायब्रोॲडिनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ असते, गुळगुळीत आणि बोटाखालून निसटणारी. तरीही ती डॉक्टरांना दाखवायचीच. तरुणपणी स्तन दाट असल्यामुळे मॅमोग्राफीऐवजी सहसा आधी सोनोग्राफी करतात. गाठ लपवून वर्ष काढणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यांची भीती गाठीपेक्षा घरात ‘स्तन’ हा शब्द उच्चारण्याची होती.

आयांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. मुलीने खेळ सोडला तर ताटातला भात मोजण्याआधी तिला कारण विचारा. तिला दुकानात घेऊन जा, माप घ्यायला लावा. आणि शाळांनी जूनमध्ये खेळाच्या साहित्याची जी यादी घरी पाठवायची असते, तिच्यात बूट आणि मोज्यांच्या खाली स्पोर्ट्स ब्रा असं स्पष्ट लिहावं.