डोळ्यांची खाज आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मार्च उजाडला, ऊन-धूळ वाढली की जामनेर परिसरातली शाळकरी मुले डोळे चोळू लागतात. खाज, लाली, तारेसारखा चिकट स्राव. ही ऋतुमानाची ॲलर्जी मुलग्यांत अधिक. अशा मुलांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र उजेड टोचतो म्हणून ही मुले घरातच बसतात आणि ऊन न मिळाल्यानेही ‘ड’ घटते. तेव्हा कमतरता हे कारण की परिणाम, हे ठरलेले नाही. तरी ६०,००० युनिटची पाकिटे मनानेच दिली जातात. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. तपासणीत कमतरता निघाली तर ती जरूर भरावी, पण हाडांसाठी.

खरी भीती वेगळीच आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब दोन दिवसांत आराम देतात, म्हणून दर उन्हाळ्यात तेच आणले जातात. त्याने डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि गेलेली नजर परत येत नाही. गार पाण्याच्या पट्ट्या, टोपी, गॉगल आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे साधे थेंब यांवर बहुतेकांचे भागते. स्टेरॉइड लागलेच, तर मोजके दिवस आणि डोळ्यांचा दाब तपासूनच.