दिल्ली दाखविण्याचा विधी

गावाकडून पाहुणे दिल्लीस आले की आपल्या मराठी अधिकारीवर्गात एक ठराविक विधी पार पडतो. कचेरीची मोटार दाराशी उभी राहते. कुतुबमिनार, इंडिया गेट आणि लाल किल्ला अर्ध्या दिवसात उरकले जातात, आणि दिल्ली दाखविल्याचे समाधान यजमान मिरवितात. वस्तुतः पाहुण्यांनी तीन इमारती पाहिलेल्या असतात, दिल्ली नव्हे.

दिल्ली समजते ती रस्त्याने. मेहरौलीहून उत्तरेकडे येणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसावे. बाराव्या शतकाच्या अखेरीस आरंभिलेला कुतुबमिनार मागे पडतो. अल्लाउद्दीन खिलजीने खोदविलेल्या तलावाचे हौज खास डाव्या हातास राहते. आणि पुढे १७५४ साली बांधलेली सफदरजंगाची कबर येते. याच वजिराच्या पुढाकाराने १७५२ साली मराठ्यांनी अब्दालीपासून बादशाहीचे रक्षण करण्याचा करार केला. पानिपताच्या वाटेवरील हा टप्पा आपल्या मुलांस पुस्तकातून पाठ करावा लागतो. येथे तो बसच्या खिडकीतून दिसतो. वातानुकूलित बसचे भाडे नोव्हेंबर २००९ मध्ये दहा ते पंचवीस रुपये ठरले. साडेपाच शतकांचा प्रवास याहून स्वस्त कोठे मिळणार?

यावर उत्तर ठरलेले असते : बसला वेळ लागतो, गर्दी असते. खरे आहे. जूनच्या उन्हात वृद्ध मातापित्यांस थांब्यावर ताटकळत ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी पदरच्या पैशाने टॅक्सी करावी. परंतु शुल्क न भरता सहलीस नेलेल्या सरकारी मोटारीचे इंधन त्याच गर्दीतील माणसाच्या करातून आलेले असते, याचा विसर कसा पडतो? आणि धडधाकट माणसे ‘पदास शोभत नाही’ म्हणून बस टाळतात, तेव्हा अडचण गर्दीची नसून प्रतिष्ठेची असते.

ही प्रतिष्ठा महाग पडते. जनतेच्या सोयीगैरसोयीच्या फायली आपल्याच टेबलावर येतात. ज्या थांब्यावर आपण कधी उभे राहिलो नाही, तेथे छप्पर हवे की नको यावर आपण कोणत्या अधिकाराने शेरा मारतो?

येत्या हिवाळ्यात पाहुणे आले की ड्रायव्हरला रविवारची सुट्टी द्यावी, मुलांस बरोबर घ्यावे आणि थांब्यावर जावे. बस उशिरा आली, तर तो उशीरही पाहुण्यांनी आणि आपण पाहण्यासारखाच आहे.