दावणीला लस टोचली, घरात टोचली का?



मृगाआधी जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या, हे मी दरसाल सांगतो आणि तुम्ही ऐकताही. आज घरातल्या माणसांच्या लशीबद्दल लिहितो. विषय माझ्या खात्याचा नव्हे, पण शेती शेवटी माणसेच करतात.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात घेतला. २०१५ साली तर एकट्या महाराष्ट्रात ९०० हून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी राज्याच्या आरोग्य विभागाने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाबाचे रोगी यांना सरकारी दवाखान्यातून फ्लूची लस फुकट द्यायला सुरुवात केली. खासगीत हिला हजाराच्या वर पैसे पडतात.

तुमच्यातल्या कितीतरी जणांची मुले चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत आणि मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहतात. एका खोलीत चौघे. एक खोकला की चौघे खोकतात, आणि सणाला गावी येताना तो खोकला सोबत आणतात. घरी असतात साखरेचे दुखणे असलेले आजोबा आणि दिवस गेलेली सून. फ्लू जास्त भोवतो तो अशांनाच. सूनबाईंनी लस घेतली तर तिचे बळ पोटातल्या बाळालाही मिळते. जन्मल्यावर सहा महिने बाळाला ही लस देता येत नाही, तेव्हा आईकडून मिळालेले तेच बळ कामी येते.

“पोटुशी बाईला सुई कशाला?” असे सासूबाई विचारतील. मग धनुर्वाताची कशी चालते? या सुईत मेलेला विषाणू असतो, तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, इतकेच.

मागच्या साली घेतली, हे मात्र चालत नाही. गव्हाचा तांबेरा रूप पालटतो आणि काल टिकलेले वाण आज बळी पडते, तसाच हा विषाणू. म्हणून लस दरसाल नवी घ्यावी लागते. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, तेव्हा मे महिन्यातच चौकशी करावी. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण जिवावर बेतण्याचा धोका बराच कमी होतो.

गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुकुंदवाडीत असाल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारावे. लशीचा साठा नेहमी असतोच असे नाही. खेप वाया जाऊ नये म्हणून आधी आशाताईंकडे चौकशी करावी, आणि नसेल तर मागणी सांगून यावे. बियाण्याचेही तसेच असते, मागणाऱ्याच्या गावाला माल आधी येतो. गरोदरपणाचे कार्ड, साखर-रक्तदाबाचे कागद सोबत न्यावेत. पूर्वी एखाद्या लशीने अंगावर गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि ताप-खोकल्यात कोणाला दम लागला, ओठ निळसर दिसले, तर मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहू नये. तडक घाटी रुग्णालय गाठावे. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत पोटात गेले तर चांगले लागू पडते.