शेवाळ थांबेल, बेडूक थांबणार नाही

मृगाचा पाऊस पडला की पेडणे-डिचोलीकडे दोन गोष्टी एकदम जाग्या होतात. चिऱ्यांच्या कुंपणावर हिरवे मखमली शेवाळ येते आणि मळ्यांत बेडूक ओरडू लागतात. पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की शेवाळ, म्हणजे मॉस, हा वनस्पतींतला 'उभयचर' आहे. परीक्षेत हे एका गुणाचे उत्तर असते. पण ही तुलना नुसती पाठ करण्यासारखी नाही.

पुस्तकातले फ्युनारिया हे मॉस घ्या आणि आपल्या शेतातला मोठा पिवळा बेडूक घ्या. फ्युनारियाला खरी मुळे नाहीत, ते पानांनीही पाणी शोषते. बेडूकही तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने घेतो. दोघांच्याही नर पेशी पाण्यात पोहूनच स्त्रीबीजापर्यंत पोहोचतात. म्हणून पहिला पाऊस हीच दोघांची लग्नघटिका!

फरक मात्र पुढे आहे. उन्हाळ्यात शेवाळ वाळून काळपट पडते, तरी पाऊस येताच पुन्हा हिरवे होते. त्याचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात. एखादे साल वाया गेले तरी ते थांबू शकते. बेडकाचे तसे नाही. नर बेडूक मादीला हाक मारतो आणि त्या हाकेनेच टॉर्च घेऊन आलेल्या माणसाच्या हाती सापडतो. अंडी घालण्याआधीच मादी मारली की हजारो अंडी तिच्याबरोबर जातात.

'जंपिंग चिकन' म्हणून हे मांस चवीने खाणारे आपल्यातही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) हा गुन्हा आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही भारताने १९८७ साली बंद केली. सरदाच्या भातावरील किडे फुकटात खाणारा हा गडी आहे. त्याला खाऊन वर कीटकनाशक विकत आणायचे, हा कुठला शहाणपणा?

पालकांना विनंती, या पावसात हे मांस घरात आणू नका. मुले पाहत असतात. विश्वस्तांनी शाळेच्या कुंपणाचा एक कोपरा न खरवडता राखावा, म्हणजे मुलांना मॉस हाताने पाहता येईल. आणि विद्यार्थीमित्रांनो, रात्री बेडूक ओरडला की झोपमोड झाली म्हणून चिडू नका. तो ओरडतो आहे तोवर आपले मळे जिवंत आहेत.