चार डोळ्यांचें काम

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज एखादा मुलगा, मुलगी किंवा सून सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायांत आहे. कोणी पुण्यास हिंजवडीला, कोणी बंगळुरास, तर कोणी अमेरिकेंत. रात्रीं उशिरापर्यंत त्यांच्या खोलींत दिवा असतो. परंतु तीं तेथें नेमकें काय करितात, याची घरांतील वडील मंडळींस फारशी कल्पना नसते. एकट्यानें बसून यंत्राशीं चालविलेलें बुद्धिबळ, असें या कामाचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें. वस्तुस्थिति निराळी आहे. एकत्र कुटुंबाप्रमाणें हा प्रपंचही पुष्कळांनीं मिळून चालवावयाचा असतो, आणि तो बिघडतो तोही बहुधा त्याच कारणानें. एकास कांहीं ठाऊक असतें, पण तें दुसऱ्यापर्यंत पोंचत नाहीं.

याचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान नासा या संस्थेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं मंगळाकडे धाडलें. तें बांधणारे लॉकहीड मार्टिन कंपनीचे अभियंते डेन्व्हर येथें, तर त्याचा मार्ग आंखणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची मंडळी पासाडिना येथें. वाटेंत यानाचा तोल सांवरण्यासाठीं त्यावरील लहान रॉकेटें मधून मधून चालवावीं लागत. त्या प्रत्येक धक्क्याचें माप डेन्व्हरच्या एका आज्ञावलीनें काढून पासाडिनास कळवावयाचें होतें. हें माप न्यूटन-सेकंदांत द्यावें असें लेखी ठरलेलें होतें. आज्ञावली तें पौंड-सेकंदांत देत राहिली. या दोहोंत जवळ जवळ साडेचार पटींचा फरक आहे. धक्के लहान, पण महिनोगणती सांचत गेलेले. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं यान मंगळापाशीं पोंचलें तें योजलेल्या सुमारें २२६ किलोमीटर उंचीऐवजीं अवघ्या ५७ किलोमीटरांवरून गेलें, आणि कायमचें नाहींसें झालें.

हिशेबांत चूक कोणाच्या हातून होत नाहीं? खरा धडा पुढेंच आहे. मार्ग आंखणाऱ्यांपैकीं कांहींजणांस आंकड्यांचा मेळ बसत नाहीं असें आधींच जाणवलें होतें, आणि त्यांनीं तें आपसांत बोलूनही दाखविलें होतें. परंतु शंका नोंदविण्याची जी ठरलेली रीत, तिनें ती नोंदली गेली नाहीं आणि तिचा छडा लागला नाहीं. नोव्हेंबर १९९९ मध्यें चौकशी मंडळानें दिलेल्या अहवालांत या गोष्टीवर आणि दोन तुकड्यांमधील अपुऱ्या दळणवळणावर स्पष्ट बोट ठेविलें आहे. माणसें चुकावयाचींच, ती चूक हुडकणारी व्यवस्था फसली हा खरा दोष, असा अभिप्राय नासाचे अधिकारी एडवर्ड वायलर यांनीं त्या वेळीं दिला.

या धंद्यांतील जाणत्यांनीं स्वतःस जे नियम घालून घेतले आहेत, त्यांचा उगम असल्याच अनुभवांत आहे. आंकड्यास नुसतें 'धक्का' असें नांव न देतां 'धक्का, न्यूटन-सेकंदांत' असें पुरतें नांव द्यावें, कारण तें वाचणारा उद्यां कोणी परका असेल. बदल लहान करावा, म्हणजे तो तपासतां येतो. लिहिलेल्या आज्ञावलीची परीक्षा घेणारी दुसरी आज्ञावली लिहावी. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं केलेलें 'गिट' नांवाचें साधन कोणी, केव्हां, काय बदललें याची नोंद ठेवितें, आणि बदल कां केला हें लिहावयास तेथें जागा असते. ही सॉफ्टवेअरची रोजकीर्दच म्हणावयाची.

या सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें वाचल्यावांचून तें पुढें जाऊं देऊं नये. आयबीएम कंपनींतील मायकेल फेगन यांनीं १९७६ सालीं अशा तपासणीची रीतसर पद्धति प्रसिद्ध केली. आज तिचें सुटसुटीत रूप 'कोड रिव्ह्यू' या नांवानें सर्वत्र रूढ आहे. त्याच्याही आधीं, १९७१ सालीं, जेराल्ड वाइनबर्ग यांनीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें होतें कीं आपलें लेखन म्हणजे आपण नव्हे. त्यांतील दोष म्हणजे आपला अपमान नव्हे.

हें तत्त्व समजावयास सोपें आणि आचरावयास कठीण आहे. वीस वर्षें मुरलेल्या मनुष्याची चूक काल आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीस दिसली, तर तिनें काय करावें? वडील माणसांच्या बोलण्यांत खोट काढूं नये, असें वळण आपण मुलांस लावितों. त्यांत आदर आहे खरा. पण तेंच वळण घेऊन ती कचेरींत गेली, तर ती शंका मनांतच ठेवील. मग नुकसान ज्येष्ठाचेंच होईल आणि कामाचेंही. उलट तपासणाऱ्यानेंही जीभ सांभाळली पाहिजे. 'तुला कांहीं येत नाहीं' आणि 'ही ओळ मला उमगली नाहीं', या दोन वाक्यांत माणूस तोडण्याचें आणि जोडण्याचें अंतर आहे.

ही शिकवण कचेरीवर सोंपवून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. किराणाच्या हिशेबांत, औषधाच्या वेळेंत किंवा प्रवासाच्या बेतांत धाकट्यानें चूक दाखविली, तर ती ऐकून घ्यावी, पडताळून पाहावी, आणि खरी निघाल्यास चारचौघांत तसें म्हणावें. आपलें लिखाण दहा शेरे मारून परत आलें असें सुनेनें जेवतांना सांगितलें, तर तिची कींव करूं नये. कोणीतरी तें मन लावून वाचलें आहे. आणि त्यांतील कोणता शेरा तिला पटला, हें तिलाच विचारावें.