पर्वे अनेक, आकडा एक

मालिकेच्या ‘सीझन’ला मराठीने ‘पर्व’ हा शब्द सहज लावला, आणि त्या सहजतेत मोठे शहाणपण आहे. महाभारताची पर्वे अठरा. त्यांत भीष्मपर्वाचे वजन निराळे, शांतिपर्वाचे निराळे आणि स्वर्गारोहणपर्वाचे तर सर्वस्वी निराळे. ग्रंथ एक असूनही कोणा जाणत्याने या अठरा पर्वांना मिळून दहापैकी एक आकडा दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु मालिकांची प्रतवारी करणाऱ्या संकेतस्थळांपैकी सर्वांत मोठ्या स्थळी आज हेच चालले आहे. ही प्रथा अन्यायाची आहे व ती बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न गौलीगुड्यात बसून का उपस्थित करावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. येथील राममंदिराच्या आसपास व जवळच्या जांबागेत मराठी-कोंकणी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली, तेव्हा राज्याचा कारभार उर्दूतून चाले. तरीही येथल्या मंडळींनी आपली भाषा टिकविली. आजच्या मुलांच्या कानांवर तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अष्टौप्रहर पडते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला नव्या मालिकेची वार्ता शेजारी सांगतो, वर्तमानपत्र सांगते. येथील तरुणास ती सांगणारे कोणी नसते. तो आकडा पाहतो. आकडा उणा दिसला की मराठी मालिका उघडलीच जात नाही, आणि तेवढी एक संध्याकाळ आपल्या भाषेच्या हातून जाते. म्हणून तो आकडा खरा असणे ही आम्हांस क्षुल्लक बाब वाटत नाही.

आता व्यवहार पाहू. १९९० पासून चालत आलेल्या ‘आयएमडीबी’वर प्रेक्षक संपूर्ण मालिकेला एकच गुण देतो. सुट्या भागांना गुण देण्याची सोय तेथे आहे. परंतु पर्वाला पर्व म्हणून कौल देण्यास जागा नाही, आणि मुख्य आकडा त्या भागांच्या गुणांवरून निघत नाही. ‘रॉटन टोमॅटोज’ प्रत्येक पर्वाचा स्वतंत्र आकडा दाखविते. आशियाई मालिकांची नोंद ठेवणारे ‘मायड्रामालिस्ट’ तर बहुधा प्रत्येक पर्वाला स्वतंत्र पानच देते. म्हणजे वेगळा हिशेब ठेवणे अशक्य आहे, ही सबब कोणालाच सांगता येणार नाही.

एकाच आकड्याने काय बिघडते ते ‘समांतर’वरून समजेल. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील या मालिकेचे पहिले पर्व २०२० साली आले. त्याचे दिग्दर्शक सतीश राजवाडे. दुसरे २०२१ साली आले. त्याचे दिग्दर्शक समीर विद्वांस. दोन निराळ्या दिग्दर्शकांची कामे एका आकड्यात कोंबली, तर कोणाचे श्रेय कोणाच्या पदरात पडले हे कसे कळावे? गायक बदलला तरी बिदागी एकाच नावाने लिहावी, असा हा न्याय आहे.

‘रात्रीस खेळ चाले’ची अडचण आणखी वेगळी. कोकणातील नाईकांच्या घराची ही गोष्ट मालवणी बोलीमुळे आमच्या कोंकणी वाचकांनाही जवळची. पहिले पर्व २०१६ साली आले व ते अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाले. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने त्याआधीची कथा सांगितली. तिसरे २०२१ साली आले. दुसरे पर्व आधी पाहणाराचा अनुभव आणि क्रमाने पाहणाराचा अनुभव एक नव्हे. एकत्रित आकड्यात हा भेद पुसला जातो.

याउलट रामानंद सागर यांचे उदाहरण घ्या. १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेले ‘रामायण’ १९८८ साली राज्याभिषेकापाशी थांबले. लव-कुशांची कथा पुढे स्वतंत्र मालिका होऊन आली. नावे दोन, म्हणून कौलही दोन. तीच कथा आज ‘पर्व दुसरे’ या पाटीखाली आली असती, तर उत्तरकथेवरील नाराजी पूर्वकथेच्या माथी बसली असती. पाटी बदलल्याने कलाकृतीचे मोल बदलू नये.

कलाकृती अखंड असते, तिचे तुकडे करू नयेत, असा आक्षेप येईल. परंतु आमची रंगभूमी काय सांगते? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चारच अंक रंगले. रसिकांनी चार अंकांवर कौल दिला. उरलेल्या तीन अंकांसाठी तो राखून ठेवला नाही. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले आणि स्वतःच्या बळावर उभे राहिले. १९९४ साली चंद्रकांत कुळकर्णी यांनी ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ यांसह संपूर्ण त्रयी सलग सादर केली, तेव्हा त्या समग्र प्रयोगाचा निर्णय निराळा झाला. त्याने १९८५ चा निर्णय रद्द झाला नाही. अंशाचा कौल आणि समग्राचा कौल दोन्ही खरे असतात. एकाने दुसऱ्याची जागा बळकावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहिले पर्व ज्यांना रुचले नाही ते दुसरे पाहतच नाहीत. मागे उरतात ते चाहते, आणि पुढील पर्वांचा आकडा फुगतो. हे आम्हांस मान्य आहे. समजा, पहिल्या पर्वाला १,००० जणांनी सरासरी ६ गुण दिले. त्यांतील २०० जण पुढे गेले व त्यांनी दुसऱ्याला ८ दिले. वरवर पाहता मालिका सुधारली. पण याच २०० जणांनी पहिल्याला ९ दिले असतील, तर त्यांच्या लेखी ती घसरली! यावरील उपाय सर्वांची मोट बांधणे हा नव्हे. मतदारांची संख्या आकड्याशेजारी छापावी, आणि दोन्ही पर्वे पाहिलेल्यांचे दोन्ही कौल समोरासमोर ठेवावेत, हा खरा उपाय.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी: प्रत्येक पर्वाला स्वतंत्र आकडा असावा. त्याजवळ मतदारांची संख्या, वर्ष, लेखक व दिग्दर्शक यांची नावे असावीत. कथेतील काळाचा क्रम उलटा असेल तर तसे नमूद करावे. समग्र मालिकेचा आकडा ठेवायचाच, तर तो सर्व पर्वे पाहिलेल्यांकडूनच घ्यावा व तसे स्पष्ट लिहावे.

वाचकांनाही आमचा आग्रह आहे. जे पर्व पाहिले त्यावरच मत द्या. न पाहिलेल्यावर देऊ नका. देवळात सप्ताहाला बसलेला भाविकसुद्धा रोजच्या अध्यायाची समाप्ती रोज करतो. शेवटच्या दिवसाची पुण्याई तो पहिल्या दिवशी मांडून ठेवीत नाही. जो नियम पोथीला लावतो तो करमणुकीला लावण्यात कमीपणा कसला?